गैरहजर म्हणजे शून्य नव्हे

अन्याय झाला तो चौदा जणांवर. अकरा मुली, तीन मुलं. नववी 'ब'. साल दोन हजार अकरा, नागपंचमीच्या आधीचा सोमवार, जेवणाच्या सुट्टीनंतरचा पहिला तास. त्या तासाला गणिताच्या सरांनी चौदा नावं वाचली आणि प्रत्येक नावापुढे लाल पेनानं शून्य काढलं. चौदापैकी एकही जण वर्गात नव्हता. सगळे बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात होते, गुडघाभर चिखलात, धान रोवत.

मी वर्गात होते. लाल पेन माझंच होतं. सरांनी मागितलं, मी दिलं.

हे आधीच सांगून टाकते. पुढे मी सरांवर बोट ठेवणार आहे, हेडसरांवर ठेवणार आहे, आणि तेव्हा कोणी म्हणायला नको की ही बाई स्वतःचं काही बोलत नाही.

आमचं गाव गोरेगावहून आमगावकडे जाणाऱ्या रस्त्यापासून तीन किलोमीटर आत. शाळा पाचवी ते दहावी, आजूबाजूच्या चार गावांतली पोरं तिथंच. पाचही गावांत पीक एकच, धान. पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, तयार झाले, बांधीत पाणी साचलं, चिखल झाला, की रोवायचं म्हणजे रोवायचं. दहा दिवस उशीर झाला तर पऱ्हे जून होतात आणि मग लोंबी धड भरत नाही. सगळ्यांचा रोवणा एकाच पंधरवड्यात येतो, त्यामुळे रोवणाऱ्या बाया कोणालाच पुरत नाहीत. मग चांगल्या जमीनवाल्यांच्या मुलीही सलवार गुडघ्यापर्यंत दुमडून बांधीत उतरतात. यात कोणाला लाज नव्हती. मुलींना तर नव्हतीच. दहा दिवस गणित नाही, इंग्रजी नाही, डोक्यावर पाऊस आणि ओळीत वाकून दिवसभर एकमेकींची थट्टा.

शाळेला हे माहीत नव्हतं असं कोणी म्हणू नये. हेडसरांची स्वतःची बारा एकर होती आणि त्यांचाही रोवणा त्याच आठवड्यात चालू होता. फक्त त्यांचा मुलगा गोंदियाला इंग्रजी शाळेत होता.

आम्हाला शेत नाही. माझी माय शाळेतच खिचडी शिजवायची, पाचवी ते आठवीच्या पोरांसाठी. रोवण्यातही तिला सुट्टी नव्हती, म्हणून मलाही नव्हती. त्या पंधरवड्यात वर्गात उरायची ती मास्तरांची मुलं, दुकानदारांची मुलं आणि मी. मी वर्गाची मॉनिटर. अक्षर चांगलं.

त्या अक्षराचा सगळ्या वर्गाला एक उपयोग होता. रोवण्याला जाणाऱ्यानं रजेचा अर्ज द्यायचा असा नियम. अर्ज मी लिहायचे. 'माझ्या मुलीस ताप आला असल्याने.' रोवणा हे कारण शाळा मान्य करत नसे, ताप मान्य करायची. खाली पालकांची सही, तीही मीच. पाचवीपासून. पोरांना माहीत होतं, पालकांना माहीत होतं, सरांनाही माहीत होतं. जुलैच्या शेवटी अख्ख्या वर्गाला एकदम ताप यायचा, आणि सगळ्यांच्या बापांच्या सह्या सख्ख्या बहिणींसारख्या दिसायच्या. तरी अर्ज फायलीत जायचा. कोणाचं काही बिघडत नव्हतं.

त्या चौदांत एक मुलगी होती. तिला सगळा वर्ग 'कायले' म्हणायचा. कायले म्हणजे कशाला, का. ती उठता-बसता तेच विचारायची, म्हणून तेच नाव पडलं. घरी पोवारी बोलायची, आमच्याशी झाडीबोली, आणि सरांशी पुस्तकातलं मराठी बोलायचा प्रयत्न करायची, पण प्रश्न आला की तोंडातून कायलेच निघायचं.

आठवीत सरांनी फळ्यावर लिहिलं, ऋण गुणिले ऋण बरोबर धन.

"कायले, सर?"

"नियम आहे."

"नियम कोणी केला?"

"तुझ्या बापानं," सर म्हणाले. वर्ग हसला. मीही हसले.

दुसऱ्या दिवशी तिनं मला खिचडीच्या शेडमागच्या भिंतीवर कोळशानं लिहून दाखवलं. तीन गुणिले ऋण दोन, ऋण सहा. दोन गुणिले ऋण दोन, ऋण चार. एक गुणिले ऋण दोन, ऋण दोन. शून्य गुणिले ऋण दोन, शून्य.

"पाय बरं," ती म्हणाली, "दर खेपेले दोन-दोन वाढून राहिले. आता पुढं ऋण एक घेतला, तं शून्यावर येऊन थांबन कायले? दोनच वाढन. धन दोन."

माझी माय पळी घेऊन बाहेर आली. "भिंत कायले खराब करून राहिली वं?"

"गणित हाय, मावशी."

"मंग पुसून टाक. गणितानं भिंत पांढरी नाई होत."

तिला अकरावीला सायन्स घ्यायचं होतं, गणित घेऊन. त्याच्या पुढे काय ते तिलाही माहीत नव्हतं. "पुढचं पुढं पाऊ," म्हणायची, "पयले दार तं उघडं पाहिजे." मी सांगते आहे ती गोष्ट त्या दाराची आहे, बाकी कशाची नाही.

त्या काळात नववी-दहावीला बीजगणित आणि भूमितीऐवजी सामान्य गणित घेण्याची सोय होती. सोय वाईट नव्हती. ज्याला खरंच जमत नाही, त्यानं सोपं गणित घेऊन दहावी व्हावं, पुढे आपल्या वाटेनं जावं. पण त्याचं दुसरं टोक आमच्या शाळेत कोणी मोठ्यानं सांगत नसे. सामान्य गणित घेतलं की सायन्सचं दार बंद. आणि शाळेला त्या सोयीत भलताच फायदा दिसला. दहावीत पोरं लटकतात ती गणितात. लटकू शकतील अशी पोरं नववीतच बाजूला काढली, की शाळेचा निकाल वर. निकाल वर, की एसटीच्या थांब्यावर फ्लेक्स. त्या फ्लेक्सवर हेडसरांचा फोटो सगळ्यात मोठा असायचा आणि पास झालेल्यांचे टिकलीएवढे.

बाजूला कोणाला काढायचं हे ठरवायला चाचणी. आणि चाचणी ठेवली रोवण्याच्या आठवड्यात.

तर त्या सोमवारी चौदा शून्यं काढून झाल्यावर सर म्हणाले, "गैरहजर म्हणजे शून्य. शून्य म्हणजे सामान्य गणित." त्यांनी टेबलावरचे चौदा फॉर्म माझ्यापुढे सरकवले. "उद्या पहिल्या तासाला पाहिजेत. पालकांच्या सहीनं."

"सर, पालक तर बांधीत असतील."

"मग तू कशाला आहेस?"

आणि ते हसले. एवढंच. 'तू सह्या कर' असं ते म्हणाले नाहीत. असं कोणी म्हणत नसतं. पुढे कधी कोणी पकडलं तर धरायला शब्द सापडू नये, याची शिकल्या-सवरलेल्या माणसांना फार चांगली सवय असते.

शाळा सुटल्यावर मी सायकल काढली. पहिल्या घरी आजी होती, तिनं विचारलं, पोट्टी पास झाली का? मी म्हटलं, तसलंच काही. तीन घरी बाप सापडले. तिघांनीही वाचल्याशिवाय सही केली. एकानं तर विचारलं, "कोठी करू?" आणि मी बोटानं दाखवलं.

कायलेचं शेत नाल्यापलीकडे. पाऊस भुरभुर चालूच होता. बांधीत दहा-बारा जणी ओळीत वाकलेल्या, डाव्या हातात पऱ्ह्याची पेंडी, उजवा हात चिखलात खाली-वर. ती मधोमध होती. रोवताना ओळ सोडता येत नाही. एक जण उभी राहिली की मागे तेवढी जागा मोकळी राहते आणि शेजारच्या बाया ओरडतात. मी बांधीच्या कडेला धुऱ्यावर उभी राहून हाक मारली.

तिनं मान फक्त वळवली. "काय वं?"

"कागद आहे. सही पाहिजे तुझी. बाबूजीची पण."

"कायचा कागद?"

"गणिताचा. चाचणीले नव्हती ना, म्हणून."

"बाबूजी तं ट्रॅक्टरसंगं गेले. आन माहे हात तं पाय." तिनं हात वर केला. कोपरापर्यंत चिखल.

शेजारची बाई म्हणाली, "हात चाल बाई, हात चाल. मास्तरीण मंग होजो."

सगळ्या हसल्या. तीही हसली. "तूच कर ना," ती मला म्हणाली. "दोनीबी. रजेच्या अर्जावानी."

मी एक वाक्य वाचून दाखवू शकले असते. फॉर्मच्या खाली बारीक अक्षरात छापलं होतं, 'या निवडीच्या पुढील शिक्षणावरील परिणामांची मला कल्पना आहे.' धुऱ्यावरून मोठ्यानं वाचलं असतं तर बारा बायांना ऐकू गेलं असतं. फॉर्म भिजू नये म्हणून मी तो ओढणीखाली धरला होता. तो तसाच ठेवला आणि सायकल वळवली.

माय भात रांधत होती तोवर मी चुलीशेजारी बसून अकरा पालकांच्या सह्या केल्या, त्यांच्या पोरांच्याही. रजेच्या अर्जात आणि या फॉर्मात फरक आहे हे मला तेव्हा कळलं नाही, असं मी बरीच वर्षं सांगत आले. स्वतःलाही. खोटं आहे ते. कळलं होतं. सगळं नाही, पण हात थांबावा इतकं कळलं होतं. हात थांबला नाही, कारण सरांनी काम सांगितलं होतं आणि मला उद्या पहिल्या तासाला ते पुरं करून दाखवायचं होतं. चांगल्या मुलींच्या हातून अशीच कामं होतात.

बारा-तेरा दिवसांनी ती शाळेत आली. पायाच्या बोटांत चिखल्या झालेल्या, चप्पल अर्धीच घातलेली. गणिताचा तास लागला आणि सरांनी तिला दारातच अडवलं. "तुमचा वर्ग खेळाच्या खोलीत."

खेळाच्या खोलीत फुटके कॅरम, गोळाफेकीचे गोळे आणि चौदा पोरं. शिकवायला खेळाचे मास्तर. पुढचं मला तिनं आणि बाकीच्यांनी इतक्या वेळा सांगितलं की मी तिथंच होते असं वाटतं.

"सर, मी इथं कायले?"

"चाचणीत शून्य आहे तुला."

"मी चाचणीले नव्हतीच."

"म्हणून तर शून्य."

"सर, शून्य म्हणजे सोडवलं अन् सगळं चुकलं. मी तं सोडवलंच नाई. ज्याले मोजलंच नाई, त्याच्यापुढं शून्य कसा लिवता?"

खेळाचे मास्तर साधा माणूस. ते म्हणाले, "पोरी, मला गणित येत नाही, म्हणूनच तर हा वर्ग मला दिला आहे."

सुट्टीत तिनं मला गाठलं. फॉर्मवर काय होतं ते विचारलं. मी सांगितलं. ती ओरडली नाही. तिनं फक्त विचारलं, "तू वाचला होता?"

"हो."

"मंग सांगतली काऊन नाई?"



दोन दिवसांनी ती वडिलांना, बाबूजींना, घेऊन आली. पांढरा शर्ट, मोटरसायकल, गावात चार माणसं उठून नमस्कार करतील असा माणूस. वाटलं, झालं. आता हेडसरांना नमावं लागेल. हेडसरांनी मला हाक मारली, "ए मॉनिटर, नववीची फाईल आण. आणि थांब इथंच."

त्यांनी मला का थांबवलं ते तेव्हा कळलं नाही. पाच वर्षांचे तापाचे अर्ज, सगळे माझ्या अक्षरातले, त्याच फायलीत होते.

"या या, भाऊ. बसा. झाला का रोवणा?"

"झाला. दोन बांध्या राहिल्या."

"आमचा परवा उरकला. चहा सांगतो."

बाबूजींनी फॉर्म हातात घेतला, लांब धरून पाहिला. "सर, हे सही माही नोहोय."

"असं? मग कोणाची?"

पंखा फिरत होता. ऑफिसची मागची भिंत खिचडीच्या शेडला लागून होती. पलीकडे माझी माय भगोन्याच्या तळाशी लागलेली खिचडी खरडत होती, तो आवाज स्पष्ट येत होता. खर्र, खर्र. पुढच्या वर्षी खिचडी कोण शिजवणार हे हेडसर ठरवत.

"तू सांग," हेडसर तिला म्हणाले. "कोणी केली ही सही?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. एकदाच.

माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. सर, सही मी केली, आणि मला गणिताच्या सरांनी पाठवलं होतं. एवढंच वाक्य. ते बोलले असते तर अकराच्या अकरा फॉर्म रद्द करावे लागले असते, कारण हात एकच होता. ती सायन्सला जाऊ शकली असती. मी फायलीच्या नाडीकडे पाहत राहिले. भिंतीपलीकडे खर्र, खर्र चालूच.

"मी केली, सर," ती म्हणाली.

बाबूजी खुर्चीत वळले. "तू?"

"हो."

हेडसर मागे रेलले. त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. "बघा भाऊ. पालकांची खोटी सही. हा लहान प्रकार नाही. नियमानं जायचं तर मला नाव काढावं लागेल. दाखल्यावर शेरा येतो. तो शेरा जन्मभर राहतो, आणि ही मुलीची जात." त्यांनी खिशातलं पेन काढून फॉर्मवर ठेवलं. "नाही तर असं करा. ही सही मी खोडतो, तुम्ही बाजूला तुमची खरी करा. विषय संपला. मुलगी दहावी पास होणार हा माझा शब्द. बीजगणितात लटकली असती तर कोणाला तोंड दाखवलं असतं?"

"पन सायन्सचं कसं होईन?"

"सायन्सला कोण पाठवतंय, भाऊ? रोज गोंदियाला? एसटीनं? पाठवणार आहात तुम्ही?"

चहा आला. कोणी कपाला हात लावला नाही, त्याच्यावर साय धरली. मग त्यांनी पेन उचललं आणि सही केली. मोठी, सावकाश, अक्षर न अक्षर वाचता येईल अशी. आपली सही खोटी आहे हे सांगायला आलेला माणूस खरी सही देऊन गेला.

बाहेर आल्यावर बाबूजी मोटरसायकल चालू करून निघून गेले. ती पायी निघाली. मी तिच्या मागे गेले. फाटकाशी ती थांबली. "तुही माय उद्या खिचडी कोठी शिजवली असती?" एवढंच म्हणाली आणि गेली.

घरी तिला खोटारडी ठरवलं. पुढे दोन वर्षं शाळेतला कोणताही कागद घरी गेला की बाबूजी विचारायचे, "हे तं नाई ना लिवलं तू?" तिनं एकदाही माझं नाव सांगितलं नाही.

मी काय केलं? वह्या दिल्या. भित्रं माणूस देऊ शकतं ते सगळं दिलं. रोज मधल्या सुट्टीत माझी बीजगणिताची वही, भूमितीची वही. तिला अजून आशा होती की दहावीत बोर्डाचा फॉर्म भरताना काहीतरी करता येईल, म्हणून ती दोन्ही गणितं करत होती. खेळाच्या खोलीतलं परीक्षेपुरतं, आणि माझ्या वहीतलं खरंखुरं. भूमितीची प्रमेयं मला सरांनी शिकवली नाहीत, तिनं शिकवली. शेडमागच्या त्याच भिंतीवर, कोळशानं. गुण मला मिळाले. सर म्हणाले, "बघा, रोज हजर राहिल्याचा फायदा."

दहावीच्या जूनमध्ये खिचडीचं काम दुसऱ्या बाईला दिलं. कारण सांगितलं नाही. ज्यासाठी मी तोंड शिवून घेतलं होतं, ते तसंही गेलं. माय म्हणाली, "जाऊ दे, हात तं गेले नाईत," आणि रोवण्याच्या बायांत जाऊ लागली. त्याच महिन्यात मी हेडसरांसमोर जाऊन उभी राहिले. आता गमवायला काही नव्हतं, म्हणून धीर आला. त्या धीराला काही किंमत नाही, हे मला माहीत आहे.

"सर, नववीच्या त्या फॉर्मवरच्या सह्या मी केल्या होत्या. अकराच्या अकरा."

त्यांनी चष्मा काढला. "बरं."

"तर ते रद्द करा."

"तिच्या फॉर्मवर तिच्या वडिलांची सही आहे," ते शांतपणे म्हणाले. "खरी सही. तुझ्यासमोर केलेली. तुझ्या खोट्या सहीचं आता मी काय करू?"

"आणि बाकीच्या दहा?"

"त्यांच्यापैकी कोणी तक्रार घेऊन आलं आहे का? मला तरी दिसत नाही. आता तू दहावीचा अभ्यास कर. आणि हे बाहेर बोलत फिरशील तर कारवाई तुझ्यावर करावी लागेल, हे लक्षात ठेव."

मी दहा घरी गेले. यावेळी खरं सांगायला. सात घरी म्हणाले, आता काय त्याचं. दोन घरी म्हणाले, पास होऊन राहिली ना पोट्टी, मंग? एका घरी कुत्रं सोडलं. बोर्डाचे फॉर्म होते तसेच गेले. त्या वर्षी शाळेचा निकाल शंभर टक्के लागला आणि एसटीच्या थांब्यावर फ्लेक्स चढला. तिचा फोटो त्यात होता. सामान्य गणितात शाळेत पहिली.

तो निकाल घेऊन आम्ही दोघी गोंदियाला गेलो. कॉलेजची खिडकी, रांग, उकाडा. तिनं गुणपत्रिका आत सरकवली. खिडकीतला बाबू हिंदीत बोलणारा. त्यानं टक्केवारी पाहून मान डोलावली, मग बोट खाली सरकलं आणि थांबलं.

"जनरल मॅथ्स?"

"हो."

"तो सायन्स नहीं मिलेगा. आर्ट्स का फॉर्म उस खिडकी पे."

"कायले?" ती म्हणाली.

"क्या?"

"क्यूँ नहीं मिलेगा? मेरेको आता है. बीजगणित पूछो, भूमिती पूछो. अब्भी पूछो."

मागे रांगेत कोणीतरी हसलं. बाबूनं चिडून नाही, अगदी समजुतीनं सांगितलं, "बेटा, आता है कि नहीं, वो यहाँ कोई नहीं पूछता. कागज पे जो है, वो है. अगला."

अगली मी होते. तिनं मला खिडकीकडे ढकललं. "भर," म्हणाली. "दोघींनबी परत जाऊन काय होईन?" मी सायन्सचा फॉर्म भरला. तिनं शेजारच्या खिडकीवर आर्ट्सचा.

आता ती गोंदियाजवळ कुडव्याला असते. ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं छोटं दुकान आहे. दाखले, शिष्यवृत्ती, प्रवेश. मागच्या महिन्यात मी तिथं दीड तास बसले होते. गिऱ्हाईक सही करायला पेन उचलतं आणि ती कागदावर हात ठेवते. "थांबा. वाचून दाखवते." मग पहिल्या ओळीपासून शेवटच्या बारीक अक्षरांपर्यंत सगळं वाचते. लोक वैतागतात. "जल्दी करो ना मॅडम, गाडी निकल जायेगी." ती वाचत राहते. माणूस 'समजलं' म्हणाला, की विचारते, "काय समजलं, सांगा." सांगता आलं नाही तर परत वाचते. समोरच्या दुकानात गर्दी जास्त असते.

आम्ही त्या शाळेची जुनी पोरं-पोरी आता शाळांच्या फाटकापाशी पत्रकं वाटतो. रोवण्यात चाचणी घेऊ नका, गैरहजर पोरापुढे शून्य लिहू नका, असं त्यात असतं. पत्रकात माझी गोष्ट कधी आली नाही. तिथं 'शाळा' असते, 'व्यवस्था' असते, 'आम्ही' असतो. मी तिला म्हटलं, तुझ्याबद्दल लिहू का, नाव न घेता? ती फॉर्म भरत होती, मान वर न करता म्हणाली, "लिव. पन तुहंबी लिव. फक्त त्याहीचंच लिवशीन तं तेबी खोटी सहीच."

म्हणून लिहिलं. शाळेनं चाचणीचा आठवडा मुद्दाम निवडला, हे मी आजही म्हणते. ज्याची स्वतःची बारा एकर त्या आठवड्यात रोवली जात होती, त्यानं 'आमच्या लक्षात आलं नाही' हे सांगू नये. पण त्या आठवड्याला माझा हात लागला, बाबूजींची खरी सही लागली, दहा घरांचं 'आता काय त्याचं' लागलं. एवढं सगळं मिळून एक दार बंद झालं. आणि आजही, या पावसाळ्यातही, कसले ना कसले फॉर्म वाटले जात आहेत आणि कुठल्यातरी मॉनिटरचं अक्षर चांगलं आहे.

तुमच्या घरी नववीतलं पोर असेल. नसेल तर शेजारी असेल. उद्या सकाळी शाळेत जा. रोवणा असेल तर ओळ सोडून जा, बाया ओरडल्या तर ओरडू द्या. चहा घेऊ नका. पोराची फाईल मागा, सगळी, तापाच्या अर्जांसकट. एकेका कागदावरची सही पाहा. जी तुमची नाही तिच्यावर बोट ठेवा आणि तिथंच, सगळ्यांसमोर, मोठ्यानं म्हणा, ही माझी नाही. आणि तेव्हा समोरून पेन पुढे आलं, तर ते हातात घेऊ नका.